लोटेचं माहेर

आफ्रिकेत वाघ नसतो, हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. अजूनही पुण्याला गेले की कोणी ना कोणी विचारतंच, "तू जंगलात माणसं घेऊन जायचीस ना? वाघ दिसायचा का गं?" मी म्हणते, वाघ आपल्याकडे, तिकडे सिंह. समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. मग मलाच उगीच ओशाळल्यासारखं होतं, जणू वाघाची सोय मी करायला हवी होती.

फ्रँकफर्टला मी लग्नानंतर आले. नवऱ्याची नोकरी विमानतळावरच्या मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरची, आणि मी पुण्यात जर्मन शिकवलेलं. स्टेशनजवळच्या एका लहान ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायला म्हणून बसले आणि काही वर्षांत त्यांच्या पूर्व आफ्रिकेच्या सहली घेऊन जायला लागले. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण तिथे शाकाहारी मिळतं का?" सिंहांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

आमच्या सहलीतला मुख्य दिवस न्गोरोंगोरोचा. टांझानियातल्या एका जुन्या ज्वालामुखीचं हे विवर. डोंगराचा माथा केव्हातरी आत कोसळला आणि मोठी परात ठेवावी तसा सपाट तळ तयार झाला, भोवती उंच, झाडीने भरलेल्या भिंती. तळाशी गवत, मधे खारं तळं, एका कडेला पिवळ्या खोडांच्या झाडांचं लहानसं रान. हत्ती, म्हशी, झेब्रे, सिंह, तरस सगळे तिथेच राहतात. जिराफ तेवढा नाही. तो उतार त्याच्या पायांना झेपत नाही. सकाळी एका रस्त्याने गाडी खाली उतरते, दुसऱ्याने वर येते, आणि आत किती वेळ राहायचं ते ठरलेलं असतं. रस्ता सोडून गाडी घालायची नाही. ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही. गाडीचं छप्पर वर उचललं जातं, म्हणजे सगळ्यांना उभं राहून बघता येतं. एवढंच ते. बाकी सगळं जनावरांच्या मर्जीवर.

लोकांना वाटतं टूर लीडर जनावरं दाखवतो. तसं नसतं. जनावर दाखवतो ड्रायव्हर. जनावर दिसत नाही तेव्हा माणसं सांभाळणं हे माझं काम. खिडकीच्या जागेवरून रुसवे होतात, कोणाचं पोट बिघडतं, कोणाच्या कॅमेऱ्याची बॅटरी नेमकी हत्तीसमोर संपते. एक बाई तरस दिसलं की डोळे मिटून घ्यायच्या आणि गेलं का म्हणून विचारायच्या. लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यातले एक निवृत्त गृहस्थ परत आल्यावर बिबळ्या दिसला नाही म्हणून नुकसानभरपाई मागायला बसले. जर्मनीत सहलीत काही उणीव निघाली तर पैसे परत मागायची रीतच आहे. खोलीतून समुद्र दिसला नाही तरी मागतात. आमच्या मालकीणबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की बिबळ्या आमच्या नोकरीत नाही.

म्हणून सहलीच्या आधी ऑफिसात जी माहितीची बैठक व्हायची, तिथे मी एक पथ्य पाळत असे. दिसेल असं कधी म्हणायचं नाही. दिसू शकेल म्हणायचं.

जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तेव्हाचा गट अगदी लहान, चारच माणसं, एका गाडीत मावणारी. त्यांतली तिघं एका घरची. प्रसाद देशमुख वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात इंजिनीअर, त्याची बायको मेघना, आणि सोलापूरहून मुलाकडे आलेल्या त्याच्या आई, सुशीलाकाकू. काकूंना येऊन दोन महिने झाले होते. वोल्फ्सबुर्गमध्ये गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि शेजारी कोणी बोलत नाही, त्यामुळे त्या कंटाळून गेल्या होत्या. प्रसादने विचारलं, आई, पॅरिस बघायचं का? त्या म्हणाल्या, इमारती नकोत, मला सिंह दाखव. मोकळा. आमच्या कंपनीत मराठी बोलणारी बाई आहे हे कळल्यावर त्याने आमच्याकडे बुकिंग केलं.

चौथे हेर टीमान; जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत आणि फ्राऊ म्हणजे श्रीमती. उत्तरेकडच्या एका शहरातून माहितीच्या बैठकीसाठी ते मुद्दाम फ्रँकफर्टला आले. तब्येतीने आडवे, मान आखूड, हात मोठे. सगळ्यांचे प्रश्न संपेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "मग, गेंडा दिसेल?"

मी म्हटलं, "दिसू शकेल. पण लांबून. थोडेच उरलेत, आणि ते रस्त्याजवळ फारसे येत नाहीत."

"पण दिसेल."

"दिसू शकेल, हेर टीमान."

त्यांनी मान हलवली. काय करता, असं मी सहज विचारलं. "निवृत्त. शहराच्या नोकरीत होतो," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, बस चालवत असतील किंवा बागा सांभाळत असतील.

सहलीचे पहिले दिवस ते जवळजवळ बोललेच नाहीत. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, गळ्यात एक जुनी दुर्बीण होती. प्रसादकडे उलट हातभर लांब लेन्स. त्याला पाच मोठी जनावरं पुरी करायची होती, त्यातली हत्ती, रानम्हैस आणि बिबळ्या ही तीन पहिल्या दोन दिवसांत झालीही; राहिले होते सिंह आणि गेंडा. काकू आमच्या ड्रायव्हरशी, एलिअसशी, चक्क मराठीत बोलायच्या आणि तो त्यांना स्वाहिलीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी पहाटे विवराच्या काठावर इतकं दाट धुकं होतं की गाडीच्या पुढचं काही दिसत नव्हतं. काकूंनी शाल, त्यावर मुलाचं जॅकेट आणि डोक्याला मफलर असा थाट केला होता. "मेघना, आफ्रिकेत ऊन असतं म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. मेघना म्हणाली, "आई, खाली गेलो की असेल." आणि खरंच, वळणावळणाने उतरत गेलो तसं धुकं वर राहिलं आणि खाली तळ उघडा पडला. उन्हाने सोनेरी झालेलं गवत आणि त्यात दूरवर सांडलेले काळे ठिपके. मी तिथे कितीदा गेले असेन, पण त्या वळणावर दर वेळी माझं बोलणं थांबतं. त्या दिवशीही थांबलं. काकूंनी दोन्ही हात जोडले.

सकाळ चांगली गेली. झेब्रे रस्त्यात उभे राहिले, एक म्हातारा हत्ती गाडीच्या जवळून निघून गेला. सिंह मात्र नव्हते. पाणघोड्यांच्या डबक्यापाशी खाली उतरायला परवानगी असते, तिथे आम्ही डबे उघडले. या जागी घारी फार. गाडीबाहेर खाऊ नका असं मी प्रत्येक गटाला सांगते आणि प्रत्येक गटात एक जण बाहेर खातोच. प्रसादच्या हातातलं सँडविच घारीने असं उचललं की त्याला कळलंच नाही. तो रिकाम्या हाताकडे बघत राहिला आणि मेघनाला हसू आवरेना.

काकूंनी सोलापूरहून आणलेली कडक भाकरी काढली. ज्वारीची, पापडासारखी, महिनोन् महिने टिकणारी. वर शेंगाची चटणी. त्यांनी एक तुकडा हेर टीमान यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चावला, आणि सहलीत पहिल्यांदा हसले. "क्नेकेब्रोट," ते म्हणाले. जर्मन लोक खातात त्या कडक पावाचं नाव. मी काकूंना सांगितलं. "असू दे," काकू म्हणाल्या, "आवडलं ना?" त्यांनी दुसरा तुकडा दिला.

जेवणानंतर आम्ही पिवळ्या झाडांच्या रानाकडे वळलो. गेंडे बहुतेक त्या झाडीत राहतात आणि दिवसा केव्हातरी बाहेर गवतात येतात. एलिअसने गाडी थांबवली, बराच वेळ बघितलं आणि बोट दाखवलं. आधीपासून तिथे पाच-सहा गाड्या उभ्या होत्याच. गवतात खूप लांब एक करडा दगड होता. दुर्बिणीतून पाहिल्यावर दगडाला कान दिसले. गेंडा आडवा पडला होता.

हेर टीमान उठून उभे राहिले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. प्रसादने फोटो काढले, पडद्यावर मोठे करून बघितले. "शिंग दिसतंय. चला, चौथा झाला," तो म्हणाला.

तेवढ्यात एलिअसचा वायरलेस खरखरला. तळ्याच्या पलीकडे सिंहांनी म्हैस पाडली होती, रस्त्याला अगदी लागून. शेजारच्या गाड्या एकामागून एक सुरू झाल्या आणि धूळ उडवत निघाल्या. एलिअसने माझ्याकडे पाहिलं. या धंद्यात अशा वेळी विचार करायचा नसतो. सिंहाची शिकार रस्त्यालगत मिळणं म्हणजे सहलीचं सोनं झालं. मी निघू या म्हणणार इतक्यात हेर टीमान यांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता विचारलं, "फ्राऊ लेले, आपण इथे थांबू शकतो का?"

"किती वेळ?"

"तो उठेपर्यंत."

गेंडा दुपारी पडला की कधी उठेल याचा नेम नसतो. मी त्यांना तसं सांगितलं. आपली वेळ संपत आलीय, सिंह बघून परत इथे येणं जमणार नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मग मला इथे उतरवा. तुम्ही जाऊन या."

"ते शक्य नाही, तुम्हाला माहीत आहे."

"हो. माहीत आहे."

प्रसादने आधी त्यांना जर्मनमध्ये, अगदी सभ्यपणे सांगितलं की गाडीत चार जण आहेत आणि तिघांना सिंह बघायचाय. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "वसुधाताई, तुम्हीच सांगा. आम्ही आलो ते आईसाठी. सोलापूरहून निघाल्यापासून ती सिंह सिंह करतेय. ती परत कधी येणार इथे?"

त्याचं काही चुकत नव्हतं. चारांतल्या तिघांनी म्हटलं की तसंच करायचं, हा आमचा नियम होता. मी हेर टीमान यांना म्हटलं, "मला कारण तरी सांगा. गेंडा तर तुम्ही पाहिलात."

तेव्हा ते खाली बसले आणि सांगायला लागले. सावकाश, एकेक वाक्य.

ते प्राणिसंग्रहालयात होते. अगदी तरुणपणी लागले, तेव्हाच पूर्व आफ्रिकेतून एक गेंड्याचं पिल्लू लाकडी खोक्यात घालून जहाजाने आणलं गेलं. मादी. पायाला जखम झालेली. बाटलीने दूध पाजायचं काम त्यांच्याकडे आलं. तिचं नाव लोटे ठेवलं. ती मोठी झाली, म्हातारी झाली आणि तीन वर्षांपूर्वी गेली, तोवर तेच तिच्याजवळ होते. ती त्यांच्या हातून पाव खायची, वरच्या ओठाने अलगद उचलून. हिवाळ्यात तिची कातडी कोरडी पडायची तर ते तेल लावायचे. बायको गमतीने म्हणायची, तुझी दोन घरं आहेत.

"काय म्हणतायत गं ते?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मफलर सोडला आणि नीट ऐकायला पुढे सरकल्या. त्यांना भाषा येत नव्हती, तरी त्या माझ्याकडे न बघता त्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या.

"ती गोल फिरायची," हेर टीमान म्हणाले. "पाण्याच्या हौदापासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत, परत हौद. नेहमी डावीकडे. दिवसभर. काँक्रीट झिजून वाट पडली होती. मुलं विचारायची, ती नाचते का? मी सांगायचो, गेंडे असेच असतात, गोल फिरतात. किती वर्षं मी मुलांना हे सांगितलं. मग एक तरुण डॉक्टरीण आली. ती म्हणाली, हा कोंडून ठेवल्याचा आजार आहे, रानात असं कोणी फिरत नाही. मला राग आला. मी म्हटलं, तू पुस्तक वाचलंयस, मी लोटेला वाढवलंय. आम्ही तिला फांद्या दिल्या, चिखल करून दिला, मोठं अंगण दिलं. ती अंगणातही गोलच फिरली." त्यांनी गळ्यातली दुर्बीण हातात घेतली. "मला कळायला हवंय. तो उठला की कसा चालतो ते. बाकी काही नाही."

मी काकूंना शेवटपर्यंत सांगितलं.

"कुठून पकडलेलं होतं ते पिल्लू? इथूनच?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं. हेर टीमान म्हणाले, कोणालाच नीट माहीत नाही. याच बाजूला कुठूनतरी.

"म्हणजे तिचं माहेर बघायला आलाय हा," काकू म्हणाल्या. मग त्या मुलाकडे वळल्या. "प्रसाद, थांबू आपण."

"आई, अगं सिंह..."

"अरे, हा दुखवट्याला आलाय. दुखवट्याला आलेल्या माणसाला लवकर उरका म्हणतो का आपण?"

मेघनाने एलिअसला इंग्रजीत सांगितलं, इंजिन बंद करा. मी हेर टीमान यांना म्हटलं की या बाई म्हणतायत थांबू. त्यांनी काकूंकडे बघून मान झुकवली. काकूंनी त्यांना हाताने खूण केली, बघा, तिकडे बघा, माझ्याकडे काय बघता.

मग आम्ही बसून राहिलो. सगळ्या गाड्या निघून गेल्यावर विवर किती शांत असतं, हे इतक्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं, कारण मी कधी थांबलेच नव्हते. आम्ही सगळे एका बातमीकडून दुसऱ्या बातमीकडे धावणारे. आमच्याच धुळीतून आम्ही लोकांना आफ्रिका दाखवत होतो. त्या दुपारी वाऱ्याने गवत हलल्याचा आवाज येत होता, आणि लांबून झेब्र्यांचा तो विचित्र, भुंकल्यासारखा आवाज. ऊन तापलं. वायरलेसवर अधूनमधून सिंहांची खबर येत होती, एलिअसने शेवटी तो बंद केला. प्रसाद घड्याळ बघत होता आणि ते माझ्या लक्षात येत नाहीये असं मी दाखवत होते. जनावर उठलंच नाही तर? मग काकूंचा सिंहही गेला आणि म्हाताऱ्याचा गेंडाही, आणि परत आल्यावर मालकीणबाईंना काय सांगणार, याची जुळवाजुळव मी मनात करून ठेवली होती.

निघायची वेळ अगदी टेकली होती, तेव्हा एलिअस हळूच म्हणाला, "उठतोय."

आधी पुढचे पाय, मग तो सगळा डोंगर. कान फिरले. थोडा वेळ तसाच उभा राहिला. हेर टीमान छपराच्या कडेला धरून उभे होते. गेंडा चालायला लागला. झाडीकडे पाठ करून, उघड्या गवतातून, तळ्याच्या दिशेने. घाई नाही, थांबणं नाही.

"आता वळेल," हेर टीमान पुटपुटले.

गेंडा चालत राहिला.

"आता."

मी त्यांच्या शेजारी होते. त्यांचं अंग किंचित डावीकडे झुकत होतं, त्यांच्या नकळत. इतकी वर्षं ज्या वळणाची त्यांना सवय होती, ते वळण त्यांचं शरीर आधीच घेत होतं. पण समोरचं जनावर वळलं नाही. रानम्हशींचा कळप मधे आला, त्या बाजूला सरकल्या, ते त्यांच्यातून तसंच पुढे गेलं.

"नाही वळत," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने परत, अगदी हळू, "सरळ चाललाय."

त्यांनी दुर्बीण खाली केली. त्यांचे डोळे भरले होते आणि दुर्बिणीतून काही दिसेनासं झालं होतं. प्रसाद इतका वेळ भराभर फोटो काढत होता. त्याने कॅमेरा गळ्यातून काढला आणि त्यांच्या हातात दिला. "हेर टीमान, यातून बघा. जास्त जवळ दिसतो. मी धरतो, तुम्ही नुसतं बघा." दोघांनी मिळून ती जड लेन्स धरली. गेंडा उन्हाच्या लाटांमध्ये बारीक होत गेला, त्याचे पाय दिसेनासे झाले, मग नुसती पाठ, मग काही नाही. तरी हेर टीमान बघत राहिले.

ते खाली बसले तेव्हा काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्हाला काय माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही जीव लावलात ना?" मी त्याचं भाषांतर केलं. जर्मनमध्ये जीव लावणं याला नेमका शब्द नाही. मी जमेल तसं सांगितलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी काकूंचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

वर जायच्या रस्त्याकडे निघालो तेव्हा वाटेत सिंहांपाशी पोचलो, ते सगळं आटोपल्यावर. म्हशीचा सांगाडा, त्यावर तरसांची भांडणं. सिंह पोटं भरून गवतात शिरले होते. गवताच्या वर एक शेपटीचा गोंडा मधूनच हलायचा, एवढंच. मला काकूंकडे बघवेना.

"ते सिंहाचंच ना शेपूट?" त्यांनी विचारलं.

"हो काकू, सिंहाचंच."

"मग झालं की," त्या म्हणाल्या. पण गाडी वळली तरी त्या मागे वळून त्या गवताकडे बघत होत्या. सोलापुरात त्यांनी सगळ्यांना सिंह पाहिला असं सांगितल्याचं मेघनाने मला नंतर कळवलं. आयाळ केवढी होती, तेही सांगितलं म्हणे.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर निरोप घेताना हेर टीमान माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "त्या डॉक्टरिणीला मी एक फोन करणार आहे." मी म्हटलं, करा. प्रसादने त्यांचा पत्ता घेतला. गेंड्याचे फोटो पाठवतो म्हणाला. त्यातला एकही धड नव्हता. सगळ्यांत नुसती पाठ आणि धूळ.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या डॉक्टरीणबाई तोवर संग्रहालयात वरच्या जागेवर गेल्या होत्या. गेंड्यांसाठी नवी जागा बांधायचं घाटत होतं. आराखड्यात गोल अंगण होतं, मधे खडक, भोवती लोकांना चालायला कठडा, म्हणजे सगळीकडून दिसेल. नागरिकांची मतं ऐकण्यासाठी सभा झाली, तिथे हेर टीमान उठले. आयुष्यात कधी सभेत न बोललेला माणूस. त्यांनी प्रसादचे फोटो भिंतीवर लावायला सांगितले, एकामागून एक, आणि ते सगळ्यांत मोठ्याने म्हणाले की हे बघा, याला गोल नको आहे, लांब पाहिजे. बघणाऱ्यांना काही दिसणार नाही, असं कोणीतरी म्हणालं. ते म्हणाले, "अगदी बरोबर. गेंडा लांब गेला की दिसणार नाही. तो परत येईपर्यंत लोकांनी थांबावं."

हे लगेच कोणी मान्य केलं नाही. वर्षभर भवति न भवति चाललं, पैशावरून अडलं. मी मधे दोन-तीनदा फोन केला तर ते वैतागलेले होते. शेवटी कालव्याच्या कडेने जुन्या रेल्वेची पडीक जागा होती, ती पट्टी संग्रहालयाला मिळाली. अरुंद, पण लांब. आणि दुसऱ्या शहरातून एक तरुण मादी आणली.

त्यांनी बोलावलं म्हणून त्या वसंतात मी गेले. वोल्फ्सबुर्गहून प्रसाद आणि मेघनाही आले होते. काकू सोलापुरात होत्या. त्यांनी कडक भाकरीचं पुडकं पाठवलं होतं, ते मेघनाने हेर टीमान यांच्या बायकोला दिलं. आम्ही कालव्याच्या बाजूने कुंपणापाशी उभे राहिलो. रविवार होता, लोक होते, आणि बऱ्याच जणांना खरंच काही दिसत नव्हतं. एक बाप मुलीला सांगत होता, थांब, येईल.

"याचंही टोक आहे," हेर टीमान मला म्हणाले. "तिकडे भिंत आहे. मी खोटं नाही बोलणार, फ्राऊ लेले, हे काही आफ्रिका नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

थोड्या वेळाने ती आली. लांबून, पट्टीच्या मधोमध, धुळीने माखलेली, डोकं खाली घालून. जवळ आली तसा तिच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. हेर टीमान यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातलेले होते. ती आमच्या समोरून निघाली, इतकी जवळून की तिच्या कानांच्या कडेचे केस दिसले.

"हाक मारा ना तिला," मेघना म्हणाली. "तुमचं ऐकेल ती."

"नको," ते म्हणाले. त्यांनी हात खिशातून काढले नाहीत. "ती कुठेतरी निघालीय."